आधी खेळांची यादी, मग कॉम्प्युटर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धावपळ संपली की घरोघरी एक विषय निघतो. कॉम्प्युटर कोणता घ्यायचा? मुलगा म्हणतो, अभ्यासासाठी हवा. मुलगी म्हणते, प्रोजेक्टसाठी हवा. वडील हप्त्यांचा हिशेब मांडतात. आणि खरं कारण, म्हणजे गेम्स, ते मात्र कोणीच मोठ्यानं बोलत नाही. आई विचारते, "मॅक चांगला म्हणतात, तो घेऊ या का?" मुलगा एकदम गप्प होतो. त्या गप्प होण्याचं कारण आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझं स्पष्ट मत असं, की गेम्सची गोष्ट आधी बोलावी. पत्र टाइप करणं, प्रोग्रॅमिंग शिकणं, इंटरनेट पाहणं ही कामं दोन्ही यंत्रांवर उत्तम होतात. काही अभ्यासक्रमांना लागणारी सॉफ्टवेअर्स फक्त विंडोजवर चालतात, ते कॉलेजात विचारून घ्यावं. पण एरवी मॅक की पीसी या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच घरांत गेम्सच ठरवतात. आणि सत्तर-ऐंशी हजार, लाख रुपये काही दर वर्षी खर्च होत नाहीत. एकदा घेतलेलं यंत्र चार-पाच वर्षं वापरावं लागतं.

गंमत अशी, की अ‍ॅपल कंपनीचा जन्मच मुळी खेळाच्या अंगणातला. स्टीव्ह जॉब्ज अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या 'ब्रेकआउट' या खेळाच्या रचनेत त्यांचे मित्र स्टीव्ह वॉझनियॅक यांनी डोकं चालवलं. पुढं १९७७ मध्ये अ‍ॅपल टू हा कॉम्प्युटर आला. त्यात रंग, आवाज आणि खेळायच्या दांड्या होत्या. हा खेळ बेसिक भाषेत लिहून खेळता यावा, हे त्यामागचं एक कारण होतं, असं वॉझनियॅक यांनीच सांगून ठेवलं आहे. पण १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला तो कृष्णधवल पडद्याचा आणि ऑफिसात शोभेल असा. तिथून घर आणि खेळ यांच्या वाटा थोड्या वेगळ्या झाल्या.

दुसरी गंमत आणखी मोठी. १९९३ मध्ये 'डूम' आला. बंदूक घेऊन भुयारांतून पळत राहण्याचा हा खेळ पीसीवर तुफान गाजला. तो तयार मात्र झाला नेक्स्ट या यंत्रांवर. नेक्स्ट ही अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यावर जॉब्ज यांनी काढलेली कंपनी. आजच्या मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच नेक्स्टच्या वंशातली आहे. म्हणजे मॅकच्या पूर्वजानं पीसीला खेळ दिला, आणि स्वतःच्या नातवंडांना उपाशी ठेवलं!

पीसीवर खेळणंही तेव्हा सोपं नव्हतं. ज्यांनी डॉसच्या काळात गेम्स चालवले असतील त्यांना आठवेल. खेळ सुरू करण्याआधी साउंड कार्ड कोणतं, त्याचा नंबर काय, मेमरी किती मोकळी आहे हे सगळं आपणच भरायचं. एक आकडा चुकला की मुका सिनेमा. खेळ लिहिणाऱ्यांचे हाल तर याहून जास्त, कारण बाजारातल्या प्रत्येक कार्डाची तजवीज त्यांनाच करावी लागे. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टएक्स नावाची व्यवस्था दिली. खेळ लिहिणाऱ्यानं डायरेक्टएक्सशी बोलायचं आणि डायरेक्टएक्सनं कार्डाशी. त्याच वर्षी बिल गेट्स लांब कोट घालून, हातात बंदूक घेऊन 'डूम'च्या दृश्यात उभे असलेली एक फिल्म कंपनीनं बनवली होती. हसू येतं ती पाहून. पण खेळांची किंमत या माणसाला कळली होती, हे नक्की. डायरेक्टएक्स फक्त विंडोजचं. त्यामुळे त्यावर लिहिलेला खेळ मॅकवर न्यायचा तर त्याचा बराच भाग पुन्हा लिहावा लागतो. खेळणारे थोडे, खर्च मोठा. कोण करणार?

बंजी या कंपनीचंच पाहा. ही मॅकवर वाढलेली मंडळी. त्यांचा 'हेलो' हा खेळ १९९९ मध्ये खुद्द जॉब्ज यांनी अ‍ॅपलच्या व्यासपीठावरून दाखवला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं अख्खी बंजी विकत घेतली. 'हेलो' २००१ मध्ये आला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर. मॅकवाल्यांना तो मिळायला २००३चा डिसेंबर उजाडला.

मध्यंतरी चांगले दिवसही आले. २००६ पासून मॅकमध्ये इंटेलची चिप बसू लागली, आणि बूट कॅम्पच्या मदतीनं त्याच मॅकवर विंडोज टाकता येऊ लागलं. दिवसा मॅक, रात्री पीसी. २०२० मध्ये अ‍ॅपलनं स्वतःची एम वन ही चिप आणली आणि नव्या यंत्रांवरचा हा दरवाजा बंद झाला. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक घाव बसला होता. मॅकच्या २०१९च्या आवृत्तीनं ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम चालवणं थांबवलं, आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेले कितीतरी जुने खेळ एका अपडेटमध्ये बंद पडले. विंडोजवर वीस वर्षांपूर्वीचा खेळ थोडी खटपट केली तर बहुधा चालतो. जुन्या गोष्टी जपण्याच्या बाबतीत मॅक फारच निष्ठुर आहे, असं मला वाटतं.

मग मॅकवर खेळच नाहीत का? तसं नाही. अ‍ॅपलच्या आताच्या चिपा ताकदवान आहेत. 'बाल्डर्स गेट थ्री' २०२३ मध्ये मॅकवर आला, 'सायबरपंक २०७७' हा भारी खेळ २०२५ च्या जुलैत आला. 'माइनक्राफ्ट'ची मूळ, जावातली आवृत्ती दोन्हीकडे चालते. विंडोजचा खेळ मॅकवर चालवणारी दुभाषी सॉफ्टवेअर्सही आहेत. खेळ विंडोजच्या भाषेत बोलतो, आणि हा दुभाषा ते मॅकला समजावून सांगतो. एकट्यानं खेळायच्या पुष्कळ खेळांना एवढ्यानं भागतं.

घोडं अडतं ते मित्रांबरोबर खेळताना. ऑनलाइन खेळांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम असतो, आणि काही खेळांत तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. त्याला दुभाषा चालत नाही. 'व्हॅलोरंट' मॅकवर मिळतच नाही. 'काउंटर-स्ट्राइक'ची आधीची आवृत्ती मॅकवर चालत असे. २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक टू' आला आणि मॅक वगळला गेला. रात्री नऊ वाजता वर्गातली पाच मुलं हेडफोन लावून एकत्र जमतात, आणि सहावा घरात लाखाचं यंत्र असून बाहेर राहतो. आपल्या पिढीला हे समजायला हवं. गल्लीत क्रिकेट चाललेलं असताना खिडकीत बसून पाहावं लागणं काय असतं, ते आपण विसरलो नसू. मुलगा गप्प होतो तो याच भीतीनं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दुकानात जाण्याआधी मुलाला किंवा मुलीला कागद द्या आणि खेळत असलेल्या, खेळायच्या असलेल्या खेळांची नावं लिहायला सांगा. मित्रांबरोबरचे खेळ वेगळे, एकट्याचे वेगळे. मग प्रत्येक खेळ अधिकृत विक्रीच्या ठिकाणी मॅकसाठी मिळतो का ते पाहा. मित्रांबरोबरचा एकही मुख्य खेळ मिळत नसेल तर मॅकचा विषय तिथंच संपवा. कागदावर फक्त माइनक्राफ्ट आणि दोन-चार एकट्याचे खेळ निघाले, आणि मुलीला संगीताचं किंवा चित्रफितींच्या संकलनाचं काम करायचं असेल, तर मॅक खुशाल घ्या. घरात आवाज नाही, उष्णता नाही. मॅक मिनी २०२४ मध्ये आपल्याकडे ५९,९०० रुपयांपासून आला. त्याला पडदा आणि कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो, हे दुकानदार शेवटी सांगतो. शिवाय मॅकची मेमरी नंतर वाढवता येत नाही, घेतानाच विचार करावा लागतो.

पीसी घ्यायचं ठरलं तर शक्यतो डेस्कटॉप घ्या. त्याचा मोठा फायदा असा, की तो तुकड्यातुकड्यानं वाढवता येतो. यंदा साधं ग्राफिक्स कार्ड, दोन वर्षांनी पगारवाढ झाली की चांगलं. यंदा १६ जीबी मेमरी, पुढं ३२. मध्यमवर्गीय संसाराला ही पद्धत ओळखीची आहे, आपण घरंही अशीच बांधतो. फक्त वीजपुरवठ्याच्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, काटकसर करू नका. स्वस्त एसएमपीएस जळताना महागडं कार्डही सोबत नेऊ शकतो. मध्यम ग्राफिक्स कार्ड एकटंच शंभर-सव्वाशे वॅट खातं, सगळ्यात मोठं तर पावणेसहाशेपर्यंत जातं. तेव्हा वीजबिल आणि इन्व्हर्टर यांचाही विचार करा. जुना पीसी कोणी देत असेल तर तो विंडोज ११ चालवू शकतो का, एवढं विचारा. विंडोज १०ची नेहमीची मोफत देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली.

हॉस्टेलवर जायचं म्हणून लॅपटॉपच लागणार असेल, तर लॅमिंग्टन रोडला जा किंवा गावातल्या दुकानात जा, मुलाला बरोबर न्या. यादीतला एक भारी खेळ तिथंच सुरू करायला सांगा आणि वीस मिनिटं चालू ठेवा. पहिली पाच मिनिटं सगळेच लॅपटॉप पळतात. नंतर पंख्याचा आवाज किती होतो, कीबोर्ड किती तापतो, चित्र अडखळायला लागतं का, हे पाहा. दुकानदार कुरकुर करील. करू द्या.