भाषाशास्त्र शिकून मुलगी करणार काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलावण्याची आपली प्रथा आहे. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की, सभासदांपैकीच एकीने बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषाशास्त्रासारख्या विषयावर मी अधिकाराने बोलणार नाही. परंतु माझी थोरली मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे तिला हाच विषय घ्यावयाचा आहे. आपल्यापैकी निदान दहा-बारा जणींनी मला जिन्यात, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवात विचारले असेल की, "अहो, पण ते शिकून मुलगी करणार काय?" प्रश्न मायेपोटीच होता. म्हणून मी चौकशी केली, मुलीकडून समजावून घेतले, आणि जे समजले ते आज सर्वांपुढे ठेवते.

प्रथम हे शास्त्र म्हणजे काय ते सांगते. पुष्कळांना वाटते की, पाच-सहा भाषा बोलता आल्या म्हणजे झाले भाषाशास्त्र. तसे नाही. उत्तम भाकरी थापणे निराळे आणि ती का फुगते हे शोधून काढणे निराळे. भाषा कशी घडते, कशी बदलते, मूल ती कसे उचलते, याचा शोध घेणारे ते भाषाशास्त्र.

उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलेच घेऊ. 'चिंच' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. पहिला च म्हणताना जीभ टाळूकडे जाते, दुसरा म्हणताना ती दातांशी येते. अक्षर एक, उच्चार दोन. आता 'चमचा' म्हणा आणि लगेच 'चमचे' म्हणा. 'चमचा'मधला शेवटचा च दातांशी होता, तो 'चमचे' म्हणताना टाळूकडे सरकला. 'घराचा' आणि 'घराची' यांतही तेच. पुढे इ किंवा ए आला म्हणजे च आपली जागा बदलतो. हा नियम आपल्याला कोणत्या बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता? कोणीही नाही. तीन वर्षांचे पोरही तो बिनचूक पाळते, कारण आईच्या तोंडून ते तसेच ऐकते. म्हणजे नियम आपण जाणतो, पण जाणतो हे आपल्याला ठाऊक नसते. ते ठाऊक करून देणे हे या शास्त्राचे काम.

दुसरी गंमत पाहा. शेजारणीला "आम्ही देवळात जातो" असे म्हटले तर ती घरी राहते. "आपण देवळात जाऊ" म्हटले तर ती पदर सावरून निघते. हिंदीत दोहोंना 'हम' म्हणतात. असा भेद तेलुगू आणि तमिळ भाषांत आहे, आणि मराठीत तो दक्षिणेच्या शेजारामुळे आला असावा असे अभ्यासकांचे मत आहे. आपला अडकित्ता कानडीतून आला, तिकडे अडके म्हणजे सुपारी आणि कत्ती म्हणजे सुरी. बटाटा, पाव आणि चावी पोर्तुगीजांकडून आली. एका घरात किती मुलखांचे पाहुणे नांदत आहेत, हे पाहून मला मोठी मौज वाटली.

पण केवळ मौज म्हणून मी मुलीच्या बाजूने उभी राहिले नाही. माझे माहेर कुडाळ तालुक्यातले. आमच्याकडे मला, तुला यांना 'माका, तुका' म्हणतात आणि कुठे याला 'खंय'. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा माझ्या तोंडून असा शब्द निघाला की, बसलेली मंडळी हसत. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या वहीवर एका शिक्षिकेने शेरा मारला की, घरी शुद्ध बोलत जावे. जिने आयुष्यभर शेती केली, चार मुले वाढविली, त्या माझ्या आईचे बोलणे अशुद्ध ठरले. हे माझ्या मनात फार दिवस खुपत होते.

मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना तिने मला सांगितले, "आई, शास्त्राच्या दृष्टीने कोणतीही बोली अशुद्ध नसते. प्रत्येकीला आपले व्याकरण असते. प्रमाण भाषा लिहिण्याच्या आणि कारभाराच्या सोयीसाठी ठरविलेली असते, एवढेच." तिने हेही दाखविले की, डॉ. अ. मा. घाटगे या मोठ्या पंडितांनी आमच्याच कुडाळी बोलीवर १९६५ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. ज्या बोलीला लोक हसत होते, तिच्यावर पंडितांनी ग्रंथ लिहावा! गेल्या मे महिन्यात नातीने आजीजवळ बसून तिचे शेकडो शब्द ध्वनिमुद्रित केले. आजी आधी संकोचली. मग मात्र आपणहून शब्द सांगू लागली.

असे काम मोठ्या प्रमाणावरही चालते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी २०१७ पासून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. कार्यकर्ते गावोगावी गेले, बायाबापड्यांचे बोलणे टिपले आणि ते महाजालावर सर्वांना खुले केले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची एक भाषा थोडे लोक बोलतात. तिचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी अजून निश्चित ठरलेले नाही. आणि तिकडे अंदमानात 'बो' भाषा बोलणारी शेवटची वृद्धा, बोआ, जानेवारी २०१० मध्ये वारली. तिच्याबरोबर बोलती भाषाच संपली. तिचे शब्द आणि गाणी प्रा. अन्विता अब्बी या बाईंनी आधी टिपून ठेवली होती, म्हणून त्या भाषेची काही खूण तरी राहिली. हे काम एका स्त्रीने केले, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता आपला मूळ प्रश्न, मुलगी करणार काय? भगिनींनो, गोड गोड बोलून मी कोणाची फसवणूक करणार नाही. नुसत्या बी.ए.वर या विषयात चांगली जागा मिळणे कठीण. एम.ए. करावेच लागते, आणि महाविद्यालयात शिकवावयाचे तर पुढे नेट परीक्षा आणि पीएच.डी. असे चढत जावे लागते. अध्यापकांच्या जागाही थोड्या आहेत. तथापि दुसरी दारेही आहेत.

सरकारी संस्थांतले काम हे एक दार. म्हैसूरला १९६९ साली स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान आहे आणि त्याचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यातच आहे. जनगणना खात्यालाही भाषा जाणणारी माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची जी नावे सांगितली, ती १९,५६९ भरली. ती पारखून, दहा हजारांवर लोक बोलतात अशा १२१ भाषा ठरविण्यात आल्या. ही पारख जाणकारानेच करावी लागते.

कोशाचे काम हे दुसरे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. पिढ्यामागून पिढ्या तेथे चिठ्ठ्या लावीत बसल्या आहेत. तांदूळ निवडणाऱ्या बाईचा धीर तेथे हवा, आणि तो आपल्या मुलींत असतो. पुस्तके तपासणे, भाषांतर करणे, परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकविणे ही कामेही याच वाटेवरची.

तिसरे दार अलीकडे मोठे झाले आहे. भ्रमणध्वनीला आपण बोलून विचारतो आणि तो उत्तर देतो, किंवा इंग्रजी मजकूर मराठीत करून दाखवितो. यंत्राला हे आयते येत नाही. पवईच्या आय.आय.टी.त आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेत अशा कामात संगणकाच्या जाणकारांबरोबर भाषेचे जाणकारही असतात. मात्र येथे थोडा संगणक आणि थोडे गणित यावे लागते. शिवाय यांतील पुष्कळ कामे ठरावीक मुदतीच्या कराराची असतात, हेही विसरू नये.

चौथी गोष्ट नीट समजून घ्या, कारण येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ज्या मुलांना बोलणे उशिरा येते किंवा ऐकू कमी येते, त्यांच्यावर उपचार करणे हे फार पुण्याचे आणि नेहमी मागणीचे काम आहे. पण ते भाषाशास्त्राच्या बी.ए.वर करता येत नाही. त्यासाठी वाचा व श्रवण उपचारांची निराळी पदवी आहे. ती चार वर्षांची असून बारावी विज्ञान शाखेतून व्हावी लागते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयात ती शिकवितात. ज्यांची मुलगी आता दहावीत आहे, त्यांनी हे आजच लिहून ठेवावे. तसेच मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेतून दुभाषाचे काम करण्यासाठी बारावीनंतर पदविका आहे. खुणांच्या भाषेलाही पक्के व्याकरण असते, हे मला नवीनच कळले.

आता शिकावयाचे कोठे? बारावीनंतर लगेच हा विषय हवा असेल तर अलीगढला त्याची बी.ए. आहे, आणि हैदराबाद विद्यापीठात पाच वर्षांचा सलग एम.ए.पर्यंतचा अभ्यासक्रम आहे. एवढ्या लांब मुलीला पाठविणे सर्वांना जमेलच असे नाही, आम्हालाही जमले नाही. दुसरी वाट जवळची आहे. आपल्या गावातल्या महाविद्यालयात मराठी, इंग्रजी किंवा संस्कृत घेऊन बी.ए. करावे. त्यांत भाषाविज्ञानाची ओळख होते. मग डेक्कन कॉलेजात किंवा मुंबई विद्यापीठात कलिना येथे एम.ए. करावे. डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो, म्हणजे विज्ञान शिकलेल्या मुलीलाही दार बंद नाही. आम्ही हीच वाट धरली आहे.

घरात सर्व सुरळीत झाले असे समजू नका. वडील मंडळींचे म्हणणे, आणखी दोन वर्षे म्हणजे वय वाढणार, पुण्याचा राहण्याचा खर्च होणार. त्यांचेही चुकीचे नाही. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. तिच्या लग्नासाठी दरमहा बाजूला टाकलेल्या पैशांतून वसतिगृहाचे भागेल असे दिसले. मी म्हटले, हे पैसे तिचेच आहेत, तिने ते कशावर खर्च करावे हे तिलाच विचारू. तिने शिक्षण सांगितले. तिनेही एक गोष्ट कबूल केली आहे की, एम.ए.बरोबर संगणकाचे शिक्षण घ्यावयाचे, म्हणजे एकाच दारावर विसंबून राहावे लागणार नाही. पुढे काय होईल ते परमेश्वर जाणे. पण उद्या तिला जागा उशिरा मिळाली, तर "आम्ही म्हणतच होतो" असे कोणी म्हणू नये, एवढीच आपणांस विनंती.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे पेढे आपण येथे वाटले. आता थोडे कामही करू या. आपल्यात कोकणातल्या, वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, घाटावरच्या लेकी-सुना आहेत. मंडळात एक जाड वही ठेवावी. प्रत्येकीने आपल्या माहेरचे शब्द त्यात लिहावेत. भांड्यांची नावे, भाज्यांची, नात्यांची, बाळाला खेळविण्याची. शब्दापुढे गाव लिहावे, आणि तो म्हाताऱ्या माणसाकडून ऐकला असेल तर तसेही नोंदवावे. त्याला पदवी लागत नाही, सातवीही पुरते. पुढल्या वर्धापनदिनी ती वही आपण एखाद्या अभ्यासकाच्या हाती देऊ. पहिले पान मी माझ्या आईच्या शब्दांनी भरून आणले आहे, ते चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते.