सीता एलियाच्या वाटेवरचे चहाचे मळे



श्रीलंकेच्या यात्रेचे कार्यक्रमपत्रक महाराष्ट्रातील बहुतेक यात्राकंपन्या एकाच साच्यात छापतात. कँडीचे दंतमंदिर, रंबोड्याचा हनुमान, नुवारा एलियाची थंडी, सीता एलियाचे मंदिर आणि त्याच रकान्यात शेवटची ओळ : 'वाटेत चहाच्या मळ्यास भेट'. ही शेवटची ओळ पाऊण तासात आटोपते. यंत्रे पाहायची, एक कप चहा घ्यायचा, दोन डबे विकत घ्यायचे, मळ्यातल्या बाईबरोबर छायाचित्र काढायचे आणि बस गाठायची. आपल्यापैकी जे या यात्रेस निघणार आहेत, त्यांच्यासाठी आजचे बोलणे या पाऊण तासाविषयी आहे.

प्रथम चहाविषयी. नुवारा एलिया सहा हजार फुटांहून उंचावर आहे आणि चार हजार फुटांवर पिकणाऱ्या चहास तेथे 'उंचावरचा चहा' ही स्वतंत्र प्रतवारी आहे. थंडीमुळे पान सावकाश वाढते, त्यामुळे रंग फिका पण सुगंध अपूर्व. आपल्याकडील मंडळी तोच डबा घरी आणून आले-दूध घालून खळखळ उकळतात आणि 'कडक होत नाही' अशी तक्रार करतात! आपला अमृततुल्य चहा दाणेदार, त्याची जातकुळीच निराळी. सिलोनचा चहा पान वळून करतात; त्यावर उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे, एवढेच त्याचे मागणे.

हा चहा त्या डोंगरांचा मूळ रहिवासी नव्हे. आधी तेथे कॉफी होती. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत मळेच्या मळे उजाड झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदेरा येथे एकोणीस एकरांत चहा लावला होता. मळेवाल्यांना वाट सापडली. टेलरचे नाव प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. जंगल तोडून झुडपे लावणाऱ्या हातांविषयी मात्र तो सहसा बोलत नाही.

ते हात तमिळनाडूतून आले. दुष्काळाने व कर्जाने गांजलेली कुटुंबे 'कंगाणी' नावाच्या मुकादमाच्या मागोमाग समुद्र ओलांडून मन्नारला उतरत आणि तेथून जंगलातून चालत मातळ्याच्या डोंगराकडे निघत. हिवताप व पटकी यांनी वाटेतच असंख्य माणसे दगावली. जी पोहोचली, त्यांना राहावयास 'लाइन' मिळाली, म्हणजे एका भिंतीला दुसरी भिंत लागलेल्या दहा बाय बाराच्या खोल्यांची रांग. तशा कित्येक खोल्या आजही वापरात आहेत. बसच्या खिडकीतून हिरव्या उतारावर पत्र्याच्या लांबट छपरांच्या ओळी दिसतात, त्या याच.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. आपल्याकडे श्रीलंकेतील तमिळ म्हटले की जाफना आणि तेथील युद्धच आठवते. मळ्यांतले तमिळ हा वेगळा समाज. ते स्वतःस 'मलैयह तमिळ', डोंगरप्रदेशाचे तमिळ, म्हणवतात. देश १९४८ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यांपैकी सुमारे सात लाख माणसे कोणत्याच देशाची उरली नाहीत. राष्ट्राच्या परकीय चलनाचा मोठा भाग ज्यांच्या बोटांतून येत होता, तेच परके ठरले. पुढे ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. पावणेदहा लाख माणसांपैकी सव्वापाच लाख भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत. उरलेल्या दीड लाखांची १९७४ मध्ये निम्मेनिम वाटणी झाली. पोती मोजावीत तशी माणसे मोजली गेली. त्यांना कोणी काही विचारले नाही. तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरास उतरलेल्या अनेकांनी भारत पूर्वी पाहिलाही नव्हता! तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी निलगिरीत १९६८ पासून चहाचे मळे उभे केले. उटी-कुन्नूरच्या सहलीत दिसणाऱ्या चहामागेही असा इतिहास आहे, हे किती प्रवाशांस ठाऊक असते?

जे मागे राहिले, त्यांच्यातील उरलेल्या नागरिकत्वहीनांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सुटला. रोजची मजुरी हजार रुपये व्हावी यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ती २०२१ मध्ये ठरली, तोवर महागाई पुढे निघून गेली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये मीरियबेद्द येथे दरड कोसळून लाइनीच्या लाइनी गाडल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळातही याच डोंगरांनी मोठा तडाखा सोसला. घरांच्या बाबतीत भारताने हात दिला आहे, हे मुद्दाम नोंदवावयास हवे : २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी नॉरवुडला मळेकामगारांच्या सभेत गेले, तेव्हा त्यांनी आधीच्या चार हजार घरांत आणखी दहा हजारांची भर जाहीर केली.

आता सीता एलिया. ओढ्याकाठचे ते मंदिर, खडकावरच्या हनुमंताच्या पाऊलखुणा, पलीकडे अशोकवन मानले जाणारे हकगलाचे उद्यान. मे २०२४ मध्ये तेथे कुंभाभिषेक झाला, त्यासाठी अयोध्येहून शरयूचे जल गेले. आपण तेथे यात्रेकरू म्हणून तासभर जातो. पण परिसरातील भाविक प्रामुख्याने हेच मळ्यातले तमिळ आहेत. पाठीवर टोपली आणि पायाला जळवा अशा दिवसानंतर सीतेपुढे दिवा लावणारे हे लोक. परक्या बेटावर एकटी पडलेली देवी त्यांना जवळची वाटली, यात नवल ते काय! कार्यक्रमपत्रकात मंदिर आणि मळा या दोन वेगळ्या ओळी असल्या, तरी तेथील माणसे एकच आहेत.

२०२३ मध्ये या समाजाच्या आगमनास दोनशे वर्षे झाली. त्यानिमित्त तलैमन्नार ते मातळे ही पूर्वजांची वाट लोक पुन्हा पायी चालले.

यात्राकंपनीस एक विनंती जरूर करावी : मळ्याची भेट कारखान्यातच संपवू नये. खुडलेल्या पानांचे वजन होते तो काटाही दाखवावा. दोन पाने व एक कळी असे खुडून टोपलीत टाकलेल्या पानांचा काट्यावर किलोंत हिशेब होतो. ठरलेले वजन भरले नाही, तर मजुरीस कात्री लागते. त्या रांगेतील बायकांना 'वणक्कम' म्हणावे, नावगाव विचारावे. भाषेची अडचण मार्गदर्शक सोडवील.