घशाची गोळी आणि मोदकाचा हिशोब
(इंदूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्य-चर्चेत भजनी मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही भजनी मंडळातल्या बायका. आमच्यात डॉक्टर एकही नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी आरोग्याच्या कार्यक्रमात आम्हाला उभं केलंय, कारण गेल्या वर्षीची चूक आमच्या हातून झाली.

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरत्या, मध्ये अथर्वशीर्षाची आवर्तनं, वरून भाद्रपदातली दमट हवा. तिसऱ्या दिवशी घसा बसतोच. मग पर्समधून गोळ्या निघतात आणि रांगेत फिरतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींना शुगर आहे. त्या प्रसादाचा मोदक कपाळाला लावून शेजारणीच्या हातावर ठेवतात, पोह्यांबरोबरची जलेबी सोडून बसल्यात (इंदुरात राहून हे सोपं नाही), पण गोळी मात्र बिनधास्त चघळतात. का, तर ते औषध!

आम्ही एकदा चष्मा लावून पाकीट वाचलं. घशाच्या नेहमीच्या एका गोळीत औषधं दोन: एक १.२ मिलिग्रॅम, दुसरं ०.६ मिलिग्रॅम. दोन्ही मिळून दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही. गोळीचं वजन साधारण अडीच ग्रॅम. उरलेलं जवळजवळ सगळं साखर आणि ग्लुकोजचा पाक. पाकिटावर त्याला ‘शुगर बेस’ असं साळसूद नाव असतं, म्हणून नजर त्यावरून घसरते.

आता आपल्या भाषेत हिशोब करू. चहाचा सपाट चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या. आमच्याकडे २१ मोदकांना पाव किलो गूळ लागतो, म्हणजे मोदकामागे १२ ग्रॅम. पाच गोळ्या चघळल्या की एका मोदकाचा गोडवा पोटात गेला, आणि मोदकाची चव तर नाहीच! दहा गोळ्या झाल्या तर २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, त्यातली कडक मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण एवढीच येते. आणि ती निरोगी माणसालाही धरून.

मध घातलेली किंवा आयुर्वेदिक लिहिलेली गोळी चालते, असं एका वहिनींचं म्हणणं होतं. मध, गूळ, खडीसाखर, शुगरवाल्यांसाठी तिन्ही साखरेतच मोजायची. ज्येष्ठमध साखरेशिवाय गोड असतो, पण तो रोज भरपूर चघळला तर रक्तदाब वाढतो. (हरतालिकेच्या निर्जळी उपासाला गोळी चालते का, हा प्रश्न आम्ही गुरुजींवर सोडलाय.)

एवढं कळल्यावर आम्ही हुशार झालो. सगळ्यांनी शुगर-फ्री गोळ्या आणल्या. आणि तिथेच फसलो.

आवर्तनांच्या दिवशी एका काकांनी सकाळी इन्सुलिन घेतलं होतं, पण नाश्ता राहिला. तासाभराने त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. शुगर उतरली हे आमच्या लगेच लक्षात आलं. घाईघाईने पर्समधली गोळी तोंडात दिली. दोन मिनिटांनी दुसरी. फरक काहीच नाही. कसा पडणार? आमच्या गोळ्यांत आयसोमाल्ट आणि सॉर्बिटॉल होतं. त्यांनी शुगर फारशी वाढत नाही, म्हणून तर आपण त्या घेतो. शेवटी स्वयंपाकघरातून कुणीतरी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली, तेव्हा पंधरा मिनिटांत काका बोलायला लागले. पहिलं वाक्य होतं, “आवर्तन कितवं चाललंय?” आम्ही हसलो, पण हात आमचेही कापत होते.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. शुगर ७०च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गोड गोळ्या द्यायच्या तर सहा लागतील, आणि त्या चघळत बसायला वेळ कुठला? साखरपाणीच बरं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

मग गोड गोळी पथ्यात बसते का? दिवसाला दोन बसतात, चहातली साखर तेवढी कमी केली तर. ज्यांना आठ-दहा लागतात त्यांनी शुगर-फ्री घ्यावी, तीही बेतानं, कारण फार झाली की पोट बिघडतं. त्याआधी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्या, त्यांत साखर शून्य. रात्री गोड गोळी तोंडात ठेवून झोपू नये, दात खराब होतात. आणि उत्सव संपून आठवडा झाला तरी घसा उघडला नाही, तर गोळ्या बदलत बसू नका, डॉक्टरांना घसा दाखवा.

यंदा हार्मोनियमशेजारी दोन डबे ठेवलेत. लाल झाकणाचा साखरेच्या गोळ्यांचा, हिरव्याचा शुगर-फ्रीचा. मधल्या वाटीत साखर आहे, चमचा आत आहे. ती वाटी कुणी चहासाठी पळवू नका. काल एकदा पळवली गेली होती.