दुसरा कोर गेला कुठे?

संगणकात ड्युअल-कोर प्रोसेसर बसवला, पण विंडोजला त्यातला एकच कोर दिसतोय? प्रोसेसर परत करायची घाई करू नका. तो बहुतेक वेळा धडधाकट असतो.

आधी टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा. विंडोज १० मध्ये सुरुवातीला एकच आलेख दिसतो, त्यावरून घाबरू नका. खाली कोरची संख्या लिहिलेली असते. ती २ असेल, तर बिघाड नाहीच.

संख्या १ असेल, तर ‘एमएसकॉन्फिग’ चालवा. ‘बूट’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये प्रोसेसरच्या संख्येची एक चौकट असते. वेग वाढेल या समजुतीनं तिथे आकडा निवडला जातो. खरं तर ती चौकट मर्यादा घालते, वेग वाढवत नाही! खूण काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

तरीही फरक नाही? मग बायोस पाहा. काही मदरबोर्डांवर कोर बंद ठेवायची सोय असते. बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना असेल, तर बायोस अद्ययावत करावा लागतो. त्या वेळी वीज जाता कामा नये, नाहीतर बोर्डच निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस जोडाच.

२००१ सालच्या विंडोज एक्सपीची गोष्ट वेगळी. ती एका कोरच्या यंत्रावर बसवलेली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘कॉम्प्युटर’ या नोंदीत ‘युनिप्रोसेसर’ असा शब्द सापडू शकतो. तसं असेल, तर महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून एक्सपी नव्यानं बसवणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं.