तुळशीला दिवा, पण कोणता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या इमारतीसमोर एक बैठी चाळ होती. ती पाडून तिथं बावीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला आणि आमच्या गॅलरीतलं सकाळचं ऊन कायमचं गेलं. आम्हाला त्याचं फारसं काही वाटलं नाही; पंख्याचा वेग एकानं कमी झाला, इतकंच. पण आईची तुळस झुरायला लागली. जुन्या वाड्यातल्या वृंदावनातली ती तुळस. मंजिऱ्या जपून, दर दोन-तीन वर्षांनी नवं रोप करत आईनं तो वंश टिकवलेला. रोप उंच झालं, पण किडकिडीत. दोन पेरांमधलं अंतर वाढलं, पानं बारीक आणि फिकट झाली. आईला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिनं पाणी वाढवलं. उजेड कमी झाला की झाड पाणीही कमी पितं, त्यामुळे माती ओली राहून मुळं कुजायला लागली. घरातली बरीच झाडं अशीच मायेनं मरतात.

मग मी दिवा आणला. जांभळा उजेड देणारा, झाडांसाठी खास म्हणून विकला जाणारा. खोक्यावर ठळक अक्षरांत तीनशे वॅट. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत प्रत्यक्ष वापर तीस वॅट. ते मी घरी आल्यावर वाचलं. दिवा छताच्या हुकाला टांगला, कुंडीपासून चार फूट वर. संध्याकाळी आई गॅलरीत आली आणि दचकली. ‘‘अरे, माझी तुळस काळी का दिसतेय?’’

तिचा प्रश्न योग्य होता. त्या दिव्यात फक्त लाल आणि निळा प्रकाश असतो. पान तो बहुतेक पिऊन टाकतं. परत पाठवायला हिरवा प्रकाशच नसतो, म्हणून पान काळपट दिसतं. झाडांना हिरवा प्रकाश लागतच नाही, असं आपण शाळेत शिकलो, त्यातून हे जांभळे दिवे आले. पण ते शिक्षण अर्धवट होतं. १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञानं अनेक पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं, की हिरव्या प्रकाशावरही पान चांगल्यापैकी अन्न तयार करतं. म्हणजे साधा पांढरा एलईडी दिवा झाडाला पुरतो. शिवाय त्या उजेडात कीड लागली, पान पिवळं पडलं तर आपल्याला दिसतं. जांभळ्यात काहीच कळत नाही. जुने पिवळे बल्ब मात्र या कामाचे नाहीत. त्यांची बहुतेक वीज उष्णतेत जाते.

खरी चूक माझ्या हुकाची होती. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. चार फुटांवरचा दिवा एका फुटावर आणला तर साधारण सोळापट उजेड मिळतो, तोही बिलात एक पैसा न वाढता. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, दिवाणखान्यात संध्याकाळी दोनशे-तीनशे. आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो. झाडासाठी एक जेवण आहे आणि दुसरा उपास.

तेव्हा दिवा घेताना वॅटच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नका. प्रत्यक्ष वीज किती खातो ते पाहा आणि ल्यूमेन पाहा. ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडाचं नव्हे. पण दोन पांढरे दिवे एकमेकांशी ताडायला ते चालतं. वॅटमागे शंभर ल्यूमेन देणारी वीस वॅटची पट्टी एक-दोन कुंड्यांना पुरे. ती रोज चौदा तास लावली तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज लागते.

एवढ्यावर मनीप्लँट मजेत राहतो, तुळस, पुदिना, कोथिंबीर तग धरतात. टोमॅटो आणि मिरचीच्या नादी मात्र लागू नका. त्यांची भूक फार मोठी; घरच्या दिव्याखाली पिकलेला टोमॅटो बाजारभावापेक्षा कितीतरी महाग पडेल.

आणखी एक. दिवा रात्रभर ठेवला तर झाड जास्त वाढेल, असं समजू नका. काही झाडं रात्रीची लांबी मोजतात. शेवंतीला लांब रात्र मिळाली की कळ्या धरतात. म्हणूनच फुलशेतीवाले शेतात रात्री दिवे लावून तिचा बहर लांबवतात. तुमच्या दिवाणखान्यातली शेवंती फुलत नसेल, तर शेजारची ट्यूबलाइट आधी तपासा. आणि पाणी घालताना वायर, बोर्ड कुंडीखाली लोंबकळत नाहीत ना, तेही.

आता आमच्या गॅलरीत साधी पांढरी पट्टी आहे, शेंड्यापासून वीतभर वर. रोप वाढलं की मी साखळीचा एकेक दुवा सोडून ती वर घेतो. जुन्या रोपाची मुळं वाचली नाहीत. पण डबीत ठेवलेल्या मंजिऱ्यांपासून उगवलेलं हे रोप बुटकं आणि भरगच्च आहे. टायमर पहाटे पाचला दिवा लावतो आणि संध्याकाळी सातला बंद करतो. ही वेळ आईनं ठरवली. सातला तिला निरांजन लावायचं असतं आणि पट्टी चालू असली तर त्याचा उजेड दिसत नाही, अशी तिची तक्रार होती.