वारा फुकटचा, जागा कुणाची?

(कोल्हापूर इथल्या वनहक्क मेळाव्यातलं भाषण)



पवनचक्कीला धूर नाही, तिच्यापायी गाव बुडत नाही, मग तुम्ही लोक तिलाही का अडवता, असं शहरात आम्हाला विचारतात. आमचं भांडण चक्कीशी नाही. ती उभी करायला जागा लागते आणि ती जागा कागदावर कायम 'रिकामी' असते, भांडण तिथं आहे.

भीमाशंकरच्या डोंगरात, खेड-मावळात, पवनचक्क्यांसाठी सुमारे 194 हेक्टर वनजमीन दिली गेली. आता पातं एवढं लांब, की ते साध्या वाटेनं वर जात नाही. म्हणून डोंगर कापून रुंद रस्ते काढले. झाडं गेली, दरडी सुटल्या, दगडमाती खाली शेतात आणि धरणाच्या पाण्यात आली. हे आमच्या पदरचं नाही. माधव गाडगीळ यांच्या समितीनं 2011 च्या अहवालात लिहिलंय. तिथल्या लोकांचे वनहक्क नोंदवलेच नाहीत, उलट पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरात ते राहिले तिथंच त्यांना फिरायला बंदी, हेसुद्धा त्यात आहे. शेकरूचं जंगल ते. शेकरूची निदान मोजणी तरी होते!

आता चक्की समुद्रात निघालीय. जून 2024 मध्ये केंद्रानं गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात 500-500 मेगावॅटसाठी पैसा मंजूर केला. तमिळनाडूचे मच्छीमार विरोधात उभे आहेत, कारण जाळं टाकायच्या पाण्याला सातबारा नसतो. आपल्या सड्याला तरी आपल्या नावाचा कुठं आहे? शाहूवाडी-राधानगरीकडं बॉक्साईटच्या खाणी आल्या, तेव्हाही सडे 'ओसाड'च ठरले. ओसाड म्हणे! मग पावसाळ्यात गुरं चरतात ती काय आभाळात? आणि पाटणकडचं वनकुसवडे पठार चक्क्यांनी भरलंय, ते काय लांब नाही.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर खाण होणार होती. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवला. 12 ग्रामसभा बसल्या, बाराही 'नाही' म्हणाल्या. खाण झाली नाही. पण 2022 च्या नव्या नियमांत, केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती हवी, ही अट राहिली नाही. म्हणजे मोजणीवाले आल्यावर जागं होऊन भागणार नाही. सामूहिक वनहक्काचा दावा आधी टाकायला हवा.

धनगरवाड्यातल्या भावांना 75 वर्षांचा पुरावा मागतात आणि तिथंच माणूस हबकतो. पण नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा धरलाय, हे कुणी सांगत नाही. दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया चुलीपाशी राहिल्या तर ठराव पडेल, हे पुरुषांनी ध्यानात ठेवा.

तर वाडीवर गेल्यावर, सड्यावरच्या पाणवठ्यांची नावं जिला पाठ आहेत अशी म्हातारी शोधा. तिच्या नातीला वही घेऊन शेजारी बसवा. पावसाआधी जबाब लिहून झाले पाहिजेत, नंतर सगळे रोपलावणीत.