गणवेशाआडची माणसं

रत्नागिरीची किती तरी माणसं मुंबई गाठून आखाताचं विमान पकडतात. दारात हवाई सुंदरी हात जोडून उभी असते. चापूनचोपून नेसलेली साडी, घट्ट अंबाडा. तेवढ्यावरच आपण ठरवतो, सेवा उत्तम असणार! एका गुणावरून बाकीचे गृहीत धरण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये 'हेलो' म्हणजे तेजोवलय हे नाव दिलं. पण दिसण्याच्या अपेक्षेचं ओझं बाईवरच पडतं. एअर इंडियात तर एकेकाळी पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी जाई. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये हवाई सुंदरी नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात रद्द केला. श्रोतेहो, विमानात आग लागली, कुणाचा श्वास अडकला, तर मदतीला धावून येतं ते हवाई सुंदरीचं प्रशिक्षण, दिसणं नव्हे. तिच्या नमस्काराला आपणही हात जोडूया.